आवाज पुसणाऱ्या शिट्टीकाकू

शिट्टीकाकूंच्या घरी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, तरी गॅस बंद करायला कुणी उठत नसे. त्यांतल्या दोन काकूंच्या असायच्या. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये त्या वरच्या मजल्यावर राहत. घरातले आवाज तोंडानं काढायचे आणि त्यांचे व्हिडिओ करायचे, ही त्यांची कला. आम्ही शेजारणी आधी हसलो. मग एका गॅलरीत त्यांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा ठेवणीतल्या साड्या नेसून मिरवायला आम्हीच पुढे होतो.

त्यांचा नियम एकच. पडद्यावर कूलर दिसो, मिक्सर दिसो की तव्यावरचा फुलका, मूळ आवाज पुसून तिथे स्वतःचा घालायचा. मूळ आवाज त्या जपूनही ठेवत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "खरा आवाज ठेवला, तर माझं तोंड कशाला हवं?" दिल्लीत वाढलेल्या आमच्या पोरांना रटरट, चुरचुर हे शब्द कळले ते त्यांच्यामुळेच.

सगळ्यांत गाजला तो काकांचा व्हिडिओ. ऑफिसातून आलेले काका जिना चढतात, खाकरतात, कुलपात किल्ली फिरवतात आणि म्हणतात, "आलो गं." सगळं काकूंच्या तोंडून. काका मुळात अबोल. पाहून एवढंच म्हणाले, "अच्छा, बिल्कुल मीच."

गेल्या हिवाळ्यात, हवा श्वास घेण्यासारखी उरली नव्हती तेव्हा, काकांची छाती भरली आणि आठवड्याभरात ते गेले. तेराव्यानंतर काकूंनी मला वर बोलावलं. त्यांना काकांचा आवाज ऐकायचा होता. आम्ही दोघींनी सगळ्या हार्ड डिस्क उलथ्यापालथ्या केल्या. फोनवर काका नेहमी मेसेज टाइप करणारे. नातेवाइकांच्या लग्नांच्या व्हिडिओंत ते दिसत, पण वाजे तो बँड. बाईनं आपल्या हातानं नवऱ्याचा आवाज पुसला होता. मला त्या कलेचा त्या दिवशी मनापासून राग आला.

शेवटी काकूंनी तोच व्हिडिओ लावला. संपल्यावर पुन्हा लावला.

"हा माझाच आवाज आहे गं," त्या म्हणाल्या. "त्यांचा आठवायला गेले, तरी हाच येतो. तू तरी काढून दाखव ना, ते कसे म्हणायचे?"

इतकी वर्षं रोज संध्याकाळी जिन्यात ऐकलेला आवाज. मला वाटलं, येईलच. मी डोळे मिटून "आलो गं" म्हटलं.

निघालं ते हुबेहूब काकूंचं.