अर्ध्या गोळीची भाची

साऱ्या मुळशी खोऱ्यात कुणाच्या बापाला न भिणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते म्हणजे रिहे गावात दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीची चार वर्षांची मुलगी. जन्मतः ती तशी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. आधी ती इतकी गरीब होती की कोंबडी आडवी आली तर हीच बाजूला व्हायची. मग तिला आकडी येऊ लागली. हातपाय ताठ व्हायचे, डोळे फिरायचे आणि घरातले नाकाला कांदा लावत बसायचे. शेवटी बहिणीने तिला पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रोज अर्धी गोळी मधातून द्यायला सांगितली. आकडी थांबली, आणि आठ दिवसांत आमची भाची पार बदलली.

दुपारची झोपेना, एका जागी बसेना. 'न्हाई' या एका शब्दावर तिचा सगळा कारभार चाले. जेव म्हटलं, न्हाई. बरं, नको जेवू म्हटलं, तरी न्हाई! सरपंच ओट्यावर टेकले, तर त्यांचं धोतर ओढून म्हणाली, "ऊठ, ही माजी जागा हाय." बिचारे उठले. दृष्ट काढायला आलेल्या देवऋष्याच्या बोटाला ती अशी चावली की तो लिंबू टाकून पळाला. लिंबू तिने मीठ लावून खाल्लं.

बहिणीच्या सासूबाई वैतागल्या. "गोळीनं पोरगी बिघडली. बंद कर ती."

"बिघडू द्या, आत्याबाई," बहीण म्हणाली. "बिघडलेली हाय, पन शुद्धीत हाय."

भातलावणीच्या दिवसांत बहीण खाचरात असे, म्हणून गोळी द्यायचं काम सासूबाईंकडे आलं. त्या गोळी गुपचूप चुलीत टाकत आणि नुसता मध चाटवत. पोर जरा निवली, म्हातारी खूश. पाचव्या दिवशी सकाळी आकडी आली, ती थांबेचना. मी तिथंच होतो. नातीला मांडीवर आवळून सासूबाई म्हणाल्या, "म्याच टाकली गं गोळी चुलीत."

बऱ्याच वेळाने पोर शुद्धीवर आली, तेव्हा बहिणीने गोळ्यांची पुडी सासूबाईंच्याच हातात ठेवली. "आता रोज तुमीच द्या."

त्यांनी मधाचं बोट पुढे केलं. पोरीने फुर्रकन मध त्यांच्या तोंडावर उडवला. "म्हातारे, मर!"

"मरीन बाई," तोंड पुसत सासूबाई म्हणाल्या. "आदी गीळ, मग दे आनखी शिवी."

त्या दिवसापासून कुणी पोरीबद्दल ब्र काढला, तर सासूबाईच अंगावर धावून जात. "चावती तर चावती! तुमची बोटं सांभाळा."

चार वर्षं आकडी आली नाही, तेव्हा डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत बंद केली. पुढच्या दिवाळीला मी गेलो, तर भाची पाण्याचा तांब्या ठेवून पाया पडली आणि पाटी घेऊन कोपऱ्यात बसली. सासूबाई किती तरी वेळ तिच्याकडे बघत होत्या.

"गुनाची हाय पोर," त्या म्हणाल्या. "तरी एकांद्या दिशी भांडली असती, तर बरं वाटलं असतं."