शिडावरचे किडे

बाळांनो, तुमच्याकडे घरबसल्या भिंतभर कार्टून लागतं, म्हणून मी पाहिलेल्या पहिल्या कार्टूनविषयी लिहिते.

मी मुंबईत इंग्रजी शाळेत शिकले आणि लग्न होऊन बेलापूरच्या खाडीवर, दिवाळे गावच्या कोळीवाड्यात आले. साठ साल नुकतंच उलटलं होतं. नवी मुंबई हे नावही कुणी ऐकलं नव्हतं. पहाटे पाणी, मग चूल, मग अंगणात जवळा वाळत घालायचा, कावळे हाकायचे, ऊन उतरलं की सगळा गोळा करायचा. दिवसभर टेकायला मिळत नसे. म्हणून ट्रकवर यंत्र घेऊन सिनेमावाला गावात आला, तेव्हा मला सिनेमाचं काही वाटलं नाही. हात न हलवता जरा बसता येईल, एवढंच मनात आलं.

पडद्यासाठी सासऱ्यांनी होडीचं शीड दिलं. कार्टून होतं किड्यांचं. बिळात पाणी शिरल्यामुळे मुंग्या उंच जागा शोधायला निघालेल्या, मागून एक लंगडा नाकतोडा. बोलणं सगळं इंग्रजी.

मी मांडी घालते तोच सासूबाई म्हणाल्या, "सूनबाय, उठ. तुजं विंग्रजी कवा कामाला येनार? काय बोलतान ते सांग आमाला."

उठले. किडे बोलायचे आणि मी ओरडून सांगायचे. पाय भरून आले. उजेडाला भुलून खरी पाखरंही शिडावर येऊन बसली, तेव्हा एकीनं विचारलं, "हा कोन गो नवीन?" सगळ्या हसल्या. मला हसायचंही त्राण नव्हतं.

तेवढ्यात खाडी भरली. ओहोटी लागायच्या आत होडी काढायची होती. सासऱ्यांनी सरळ दोऱ्या सोडल्या आणि शीड खांद्यावर टाकलं. मुंग्या अजून अर्ध्या वाटेवरच होत्या.

बायका माझ्याभोवती जमल्या. "फुडं काय झालं गो?"

मला तरी कुठं ठाऊक? "पोचल्या सगळ्या," मी म्हटलं. मला निजायचं होतं.

"अशा कशा पोचल्या? नि तो लंगडा?"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातातला हंडा काढून घेतला. "पानी मी आनते. तू बस नि सांग."

मी ओट्यावर बसले. समोर बायका जवळा निवडत होत्या. नाकतोड्याला कसंबसं एका पानावर चढवलं, भिंतीला पाठ टेकली आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. डोळे मिटता मिटता सासूबाईंचा आवाज आला, "निजू दे तिला. मुंग्या काय पलून नाय जात."