दोष आढळला नाही

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत मी साडेचार वर्षं लष्कराच्या पेट्या तपासल्या. गावात कुणी विचारलं तर "टीव्हीसारखं काहीतरी असतं" एवढंच सांगायची. आत काय बनतं ते बाहेर बोलायचं नाही, अशी सही पहिल्याच दिवशी घेतली होती. आज लिहिते आहे त्यात देशाचं गुपित काही नाही. लाज आहे, आणि ती बरीचशी माझीच आहे.

पेटी म्हणजे चिलखती गाडीत बसवायचा पडदा आणि त्याच्या पाठीमागचा कॉम्प्युटर. आपली गाडी कुठे आहे, बाकीच्या कुठे आहेत, वरून काय हुकूम आला, ते सगळं त्यावरच्या नकाशात दिसायचं. कवच जाड अ‍ॅल्युमिनियमचं. आम्ही ती भट्टीत तापवायचो, गोठवायचो, थरथरत्या टेबलावर हलवायचो, तिच्यावर पाण्याचे फवारे मारायचो. ती कशालाही दाद द्यायची नाही. पण झाकण काढलं की आत दुकानात मिळतो तसलाच बोर्ड, आणि त्यावर चालणारी सिस्टीमही तीच, जी तलाठ्याच्या टेबलावर असते, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे असते, माझ्या डिप्लोमाच्या लॅबमध्ये होती. पहिल्यांदा पेटी चालू केली आणि ते रोजचं ओळखीचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. म्हटलं, हे तर आपल्याला येतं.

आमच्याकडे एकच सॉफ्टवेअरवाला इंजिनिअर होता, कल्याणहून यायचा. मी त्याला विचारलं होतं की लष्कराला वेगळी सिस्टीम नको का. तो म्हणाला, "वेगळी लिहायला वर्षं लागतात. वर ती जवानांना शिकवायची. ही सगळ्यांना येते. बाहेरच्या देशांतही हेच करतात." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात मला आठ तासांच्या चाचणीवर बसवलं. पेटी सकाळी चालू करायची आणि संध्याकाळपर्यंत तिच्याकडे बघत राहायचं. सातव्या तासाला, मी समोर बसलेली असताना, नकाशा गेला. काळ्या पडद्यावर गोल गोल फिरणारे ठिपके आले आणि खाली इंग्रजीत ओळ आली की अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. अकरा मिनिटांनी नकाशा परत आला. मी वहीत वेळ लिहिली. त्या आठवड्यात आणखी दोन पेट्यांनी तेच केलं.

इंजिनिअरला एका नजरेत कळलं. "आपण पेटी दुरुस्तीच्या लॅपटॉपला जोडतो ना, तेव्हा अपडेट आत येऊन पडतं. मग सिस्टीम वाट बघते. बराच वेळ बटणाला हात लागला नाही की तिला वाटतं, माणूस जेवायला गेला. तेवढ्यात ती स्वतःला बंद करून परत चालू करते."

"पण मी समोरच बसले होते."

"बसलीस. बटण दाबलं नाहीस. तिला डोळे कुठे आहेत?"

ऑफिसातल्या माणसासाठी केलेली चीज. नुसतं बघत बसणं हेही कुणाचं काम असू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"हे बंद करता येत नाही का?"

"दोन मिनिटांचं काम आहे. पण ही आवृत्ती मंजूर झालेली आहे. एक सेटिंग बदललं तरी नवी आवृत्ती. मग मंजुरी नवी, सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. साहेबांना सांगून बघ."

साहेब म्हणजे आमचे कारखान्याचे मॅनेजर. त्यांनी माझी वही शांतपणे वाचली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "चाचणीत पेटी वापरायची असते, हो की नाही? तू वापरलीच नाहीस. दर अर्ध्या तासाने एक बटण दाबत जा." मग पेन काढून त्यांनी चाचणीच्या कागदावर तशी एक ओळ वाढवली आणि माझं वहीतलं पान स्वतःच्या हाताने फाडून, नीट दुमडून खिशात ठेवलं.

मी दर अर्ध्या तासाने बटण दाबू लागले. पेट्या पास होऊ लागल्या. प्रत्येक कागदावर 'तपासणारा' या शब्दापुढे माझी सही. घरात महिन्याचा पगार आणणारी मी एकटी होते, हे खरं आहे. पण तेच एक कारण होतं असं म्हणणार नाही. मला ती नोकरी आवडत होती. पांढरा कोट आवडत होता. आमच्या म्हसा गावच्या जत्रेत शाळेतल्या मैत्रिणी भेटल्या की "लष्कराचं काम करते" असं मी हळूच सांगून टाकायची, सही केलेली असूनसुद्धा.

चौथ्या वर्षी दोन पेट्या परत आल्या. सोबत पत्र होतं: सरावाच्या वेळी पडदा बंद पडल्याची तक्रार, तपासून अहवाल द्यावा. मी त्या आठ तास चालवल्या, दर अर्ध्या तासाने बटण दाबून. साहेबांनी अहवाल टाइप करून आणला. 'दोष आढळला नाही.' मी सही केली. चहा प्यायला गेले.

दोन महिन्यांनी पेट्या न्यायला लष्करातले एक हवालदार आले. चाळिशीचे, काटक, साध्या कपड्यांत. गाव डोळखांबच्या पलीकडे, म्हणून युनिटने त्यांनाच धाडलं होतं; पेट्या कल्याणच्या डेपोत पोचवायच्या आणि तिथूनच घरी रजेवर जायचं. माझं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, "कुठली गो तू बाय?"

"म्हशाकडची, दादा."

"मंग आपलीच." ते बसले. साहेब शेजारी कागद चाळत उभे होते. हवालदारांनी पेटीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "एक सांग मला. ही आपली आपण बंद व्हते का? कोनी हात न लावता?"

साहेबांनी कागदातून डोकं वर केलं नाही. मी म्हणाले, "नाही."

"कधीच नाय?"

"आमच्याकडे तरी नाही झालं."

ते मान हलवत राहिले. मग त्यांनी सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, आपल्या माणसाला सांगतात तसं. वाळवंटात सराव होता. त्यांची गाडी दबा धरून पाच-सहा तास एका जागी उभी होती. ते पडद्याकडे बघत बसले होते. हलायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं असा हुकूम. पडदा काळा झाला. ठिपके फिरायला लागले. त्या वेळात नवा हुकूम आला की कोरड्या नाल्याकडून जाऊ नका, कड ढासळली आहे. तो यांना मिळालाच नाही; पडदा परत आला तेव्हाही तो त्यावर नव्हता. ठरलेली वेळ झाली, जुन्या हुकुमाप्रमाणे गाडी निघाली आणि नाल्यात उलटली. ड्रायव्हरचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. चौकशीत यांनी पडदा आपोआप गेल्याचं सांगितलं. तोवर कारखान्याचा अहवाल आला. मग निष्कर्ष निघाला की चालवणाऱ्याने चुकून बटण दाबलं असावं. त्यांची बढती थांबली.

"मला पन आता वाटाया लागलंय, दाबलं आसंल," ते म्हणाले. "पेटी तर खोटं बोलनार नाय."

त्यांनी पेट्या मोजून घेतल्या, सही केली, साहेबांना नमस्कार केला आणि गेले.

मी आठ दिवस काढले. नवव्या दिवशी रविवार होता. गेटच्या रजिस्टरवरून त्यांचं गाव पाहून ठेवलं होतं. सरळगाव, किन्हवली करत गाड्या बदलून डोळखांबला उतरले आणि तिथून पाड्यापर्यंत चालत गेले. ते शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजायला पालापाचोळा पसरत होते. बांधावर उभी राहून मी सगळं सांगितलं: सातवा तास, अपडेट, बटण, वहीतलं पान.

ते पसरत राहिले. काम संपल्यावर म्हणाले, "मंग त्या दिशी नाय का म्हनलीस?"

"साहेब समोर होते."

"माज्या समोर पन साहेबच व्हते. पाच जन. मी खरं बोललो."

हात झटकून त्यांनी विचारलं, "लिवून देशील?"

घरी येऊन मी दोन पानं लिहून काढली, तारखांसकट, खाली नाव आणि सही. रजा संपवून जाताना ते पत्र त्यांनी युनिटमध्ये नेलं. पत्र वर गेलं. वरून ते 'अभिप्रायासाठी' आमच्याच कारखान्यात आलं.

साहेबांनी ते टेबलावर ठेवलं. "अक्षर तुझंच ना?"

"हो."

"कंपनीचा अहवाल खोटा आहे म्हणतेस. त्यावर तपासणारा म्हणून सही कोणाची?"

"माझी."

"मग खोटं कोण बोललं?"

गुप्त माहिती बाहेर दिल्याबद्दल पोलिसांत जायचं की राजीनामा द्यायचा, एवढं त्यांनी मला निवडू दिलं. मी राजीनामा लिहिला. कंपनीने अभिप्राय पाठवला: सदर कर्मचारी सेवेत नाही, मूळ अहवाल कायम. चौकशी एकदा बंद झाली होती. ती उघडायचं कुणाला कारण उरलं नाही.

मी आता शहापूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. मुली हुशार आहेत. काम सोडल्यावर वर्षभराने त्या इंजिनिअरचा फोन आला. तोही नोकरी बदलत होता, म्हणून बोलला. "नव्या मालात ते अपडेट बंद केलंय. तुला सांगावंसं वाटलं."

"कागदावर काय कारण दिलं?"

"किरकोळ सुधारणा."

"आणि मंजुरी? चाचण्या पहिल्यापासून?"

"नाही लागल्या. एक पत्र दिलं. आठवड्यात काम झालं."

ज्या आठवड्याच्या भीतीने आम्ही चार वर्षं बटणं दाबली, तो हा आठवडा. जुन्या पेट्यांचं काय, असं मी विचारलं. त्या परत मागवल्या नव्हत्या. मागवायच्या तर कारण लिहावं लागलं असतं.

हवालदार त्याच पदावरून निवृत्त होऊन गावी आले. शहापूरच्या बँकेत पेन्शनच्या कामाला आले होते, तेव्हा भेटले. मी त्यांना बाहेर ओट्यावर बसवून फोनची हकिकत सांगितली. म्हटलं, आता पुन्हा अर्ज करा, मी साक्ष देते, तो इंजिनिअरही कदाचित देईल.

"नको," ते म्हणाले. "एक चौकशी झाली, त्यात मी खोटा ठरलो. दुसरी झाली तर तू ठरशील. पेटीला कोन काय बोलनार नाय." पासबुक त्यांनी पिशवीत घातलं. "डायवर दिवाळीला फोन करतो. डाव्या हातानं सगळं जमतं म्हनतो."

"त्यांना हे सांगितलंत?"

"काय सांगू बाय? किरकोळ सुधारणा झाली म्हनून?"

त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि डोळखांबची गाडी लागलीय का बघायला स्टँडकडे निघून गेले. मला चारची बॅच होती.