बांधावरचा माणूस

शेषेराव गेले त्याच्या चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा सत्यम माझ्या दुकानात आला आणि त्यानं काउंटरवर बापाचं आधार कार्ड ठेवलं. "तेराव्याला हार घालायला फोटो पाहिजे, अप्पा," तो म्हणाला. "दुसरा फोटोच न्हाई त्येंचा."

सत्यम लातूरला एका क्लासच्या होस्टेलवर नोकरीला असतो. त्यानं सगळे मोबाईल, सगळे लग्नाचे अल्बम उलथेपालथे केले होते. फोटो काढायची वेळ आली की शेषेराव बैलांना पाणी पाजायला गेलेले असायचे. साठ वर्षं जगलेल्या माणसाचा उरलेला हा एकच चेहरा, बोटाच्या पेराएवढा आणि भ्यालेला.

असलं काम मी डोळे मिटून करतो. मुखेडात आमचं फोटोचं दुकान बाबांपासूनचं. चेहरा कापायचा, गोरा करायचा, मागं निळा पडदा टाकायचा आणि अंगात कोट चढवायचा. बाबांच्या काळी दुकानात खुंटीला एक खरा काळा कोट होता. गिऱ्हाईक यायचं, तो घालून बसायचं आणि जाताना पुन्हा खुंटीला अडकवायचं. आता कोट कॉम्प्युटरात आहे, एवढाच फरक. अर्ध्या तासात शेषेराव बँकेचे मॅनेजर झाले. प्रिंट मी स्वतःच घरी घेऊन येतो, असं मी सत्यमला सांगितलं, कारण त्याच्या आईला भेटायलाही जायचं होतं.

शेषेरावांना मी कधी पाहिलेलं नव्हतं. पण त्यांची बायको साखराबाई ही माझी गुरू आहे. हे तिला कुणी वाचून दाखवलं तर ती मला वेड्यात काढेल, पण खरं ते खरं.

बाजाराच्या दिवशी ती माझ्या दुकानाच्या पायरीशी भाजी मांडून बसते. मेथी, अंबाडी, शेपू, कधी वाळकं. आमच्या पत्र्याची सावली तिच्या पाटीवर येते म्हणून ती जागा तिची. मी लग्नाचे फोटो काढतो ते पोटासाठी. हौस निराळी. सकाळी गाडीला किक मारायची आणि माळावर, शिवारात, तळ्याकाठी जाऊन फोटो काढायचे. ते लातूरच्या हौशी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे. तिथं काहीही टाका, लोक अंगठा वर करतात. एकदा खिशातल्या खिशात बटण दाबलं जाऊन माझ्या चपलेचा फोटो गेला, त्यालाही दोघांनी 'अप्रतिम' लिहिलं. असल्या कौतुकानं मी सुधारलो नाही, नुसता फुगलो.

सहा वर्षांपूर्वी असाच एक फोटो मी मोठा करून दुकानात लावला. नांगरून पडलेलं रान, मागं डोंगर, वर ढग. साखराबाई पाणी प्यायला आत आली आणि तांब्या हातात घेऊन तिथंच उभी राहिली.

"हे कुणाचं वावर?"

"तुमच्याच गावाकडचं, मावशी."

"आमच्याकडं असली माती न्हाई बापा. ही चुलीतली राख हाय."

मला रागच आला. मेथी विकणाऱ्या बाईनं मला शिकवायचं? मी तिला उजेडाबद्दल काहीबाही ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं, तांब्या पालथा घातला आणि गेली. मग मी फोटोकडं पाहिलं आणि माझंच तोंड उतरलं. पंधरा वर्षं लग्नघरचे लोक मला एकच सांगत आलेत, 'जरा गोरं करा.' नवरी, नवरदेव, करवल्या, मामा, सगळ्यांना गोरं करून करून माझ्या हाताला खोड लागली होती. काळ्याभोर रानालाही मी गोरं करून टाकलं होतं.

पुढच्या बाजारी मी पड खाल्ली. तिला म्हणालो, "मावशी, चुकलंच माझं."

"मग पहिला दाखव की. धुवायच्या आधीचा."

पहिला नव्हता. जागा अडते म्हणून मी मूळ फोटो पुसून टाकायचो. साखराबाईनं कपाळावर हात मारला. "अरे, बियाणं तरी ठेवायचं बाजूला! सगळाच माल बाजाराला घालतो का कुणी?"

हे डोक्यात शिरायला मला तीन-चार वर्षं लागली. मी सुधारतो, पण बैलगाडीनं. अखेर एक हार्ड डिस्क आणली आणि तिच्यावर स्केच पेननं लिहिलं, 'बियाणं'. मूळ फोटो त्यात जसाच्या तसा टाकायचा, त्याला हात लावायचा नाही.

मग तो रिवाजच पडला. दुपारी बाजार ढिला झाला की मी आठवड्याचे फोटो तिच्यासमोर धरायचो. ती एक डोळा मिटायची, मुठीची नळी करायची आणि तिच्यातून फोटोचा एकेक तुकडा बघत जायची. "इथं डोळ्याला बसायला जागा न्हाई," म्हणायची. किंवा, "लई आभाळ घेतलास. एवढ्या आभाळाचं काय करून राहिला तू?" मूठ जिथं थांबायची, तिथं मी फोटो कापायचो आणि तो सुधारायचा. संध्याकाळ म्हणून मी तांबडा केलेला फोटो तिनं सावल्या बघून सकाळचा ठरवला होता. आमच्या ग्रुपवर मोठ्या कॅमेऱ्यांचे लोक आहेत, त्यांच्यातल्या कुणाला ते कळलं नव्हतं.

आता एक लाज वाटणारी गोष्ट. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी तिच्या गावाकडं एक फोटो काढला. ओलं काळं रान, मधून गेलेला बांध, टोकाला बाभूळ, तिच्या मागं धुकं. सगळं झकास, फक्त बांधावर कुणीतरी चालत होतं. नवरीच्या गालावरची पुटकुळी पुसायचं जे हत्यार आहे, त्यानं मी तो माणूस पुसला. ग्रुपवर त्या फोटोला त्या महिन्याचा पहिला नंबर मिळाला.

साखराबाईनं मुठीतून पाहिलं आणि मूठ बांधावर थांबवली. "हितं सावली हाय. माणूस कुठाय?"

खरंच, सावली तशीच राहिली होती. मी हसून म्हणालो, "पुसला, मावशी. मधीच येत होता."

"वावरात माणूस मधी येतो व्हय?" ती म्हणाली.

आणि मी शहाण्यानं काय करावं? दुकानात जाऊन ती सावलीही पुसली. पुन्हा बाहेर येऊन दाखवला. त्या दिवशी तिनं पाटी लवकर आवरली.

हे सगळं मी विसरलोही होतो. शेषेराव गेल्यावर पाचव्या दिवशी प्रिंट घेऊन तिच्या घरी गेलो, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. मी कागद सोडला आणि फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिनं बराच वेळ पाहिला.

"हे कोण हाय?" तिनं विचारलं.

"आई, बाबा हायत," सत्यम म्हणाला.

"तुझ्या बापानं जन्मात कोट घातला न्हाई. ह्येला हार घालून मी कुणाच्या पाया पडू?" मग ती माझ्याकडं वळली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "अप्पा, तू तर असं करू नको."

मला तिथं बसवेना. उठून मागच्या दारी आलो. मागं त्यांचं रान होतं, मधून बांध गेलेला, बांधाच्या टोकाला बाभूळ. मी त्या बाभळीकडं बघतच राहिलो. सत्यम मागून येऊन म्हणाला, "ह्याच बांधावरनं बाबा रोज सकाळी जायचे. दुसरं कुणी जात न्हाई हितनं."

मी तडक गाडी काढली. मुखेडपर्यंतच्या रस्त्यात डोक्यात एकच विचार. पुसलेल्या माणसाचा तो फोटो आधीचा, की हार्ड डिस्क आधीची? आधीचा असेल तर मूळ फोटो मीच माझ्या हातानं मारून टाकलेला. या बाईच्या नवऱ्याचा एकुलता एक धड फोटो मी पुटकुळीसारखा पुसून बसलेलो असेन, आणि ते तिला जाऊन सांगावं लागेल.

दुकान उघडून 'बियाणं' लावलं. हिवाळ्याचं फोल्डर निघालं. हार्ड डिस्क मी फोटोच्या फक्त अकरा दिवस आधी आणली होती. तिसऱ्याच रांगेत ते होते. डोक्याला टापसी बांधलेली, खांद्यावर बैलांचा कासरा, डावा हात कमरेवर मागं ठेवलेला, आणि काळ्या रानावर पडलेली लांब सावली. मी खुर्चीत बसून चक्क रडलो. बियाण्यावरून मावशीची बोलणी खाल्ली होती, त्याचा मला आयुष्यात इतका आनंद कधीच झाला नव्हता. मी फोटोला काही केलं नाही. मोठ्या कागदावर आहे तसा छापला, माती काळी ठेवून.

दुसऱ्या दिवशी तो तिच्यासमोर धरला. चेहरा नखाएवढाही नव्हता. हे दुसरंच कुणी निघालं तर? साखराबाईनं मूठ केली, डोळा मिटला आणि मूठ सरकवत बांधावर आली. तिथं ती थांबली ती थांबलीच. मग तिनं मूठ सोडली आणि बोटानं त्या कमरेवरच्या हाताला शिवली.

"बैलानं मारल्यापासून असाच हात ठेवून चालायचे," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

मी म्हणालो, "मावशी, हाच तो पुसलेला माणूस. मला माफ कर."

"तवा मला शंका आली व्हती. बांध आमचाच वाटला. पर तू पुसून आलास, मग काय बोलू?" डोळे पुसून तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "बियाणं ठेवलंस बघ. लई चांगलं केलंस."

तिचंच तिला परत देत होतो आणि शाबासकी मला. आजवर मला कुणीकुणी काय काय शिकवलं, पण इतकं उपयोगाचं कुणी शिकवलं नाही. मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "उठ, चहा घे."

सत्यमला मात्र चिंता पडली. "अप्पा, बाबा लई बारीक दिसतेत. मोठे करा ना. आजूबाजूचं कापून टाका." मलाही ते पटलं. शेषेराव फोटोच्या डाव्या बाजूला होते आणि उजवीकडं नुसतं मोकळं रान. मी नखानं रेघ दाखवली, इथून कापू या म्हणालो.

साखराबाईनं माझा हात धरला. "मागचं काप पाह्यजे तर. पुढचं नको." मूठ करून तिनं पुन्हा एकदा पाहिलं. "त्येंला चालायला जागा ठेव."

मागचं दोन बोटं कापलं. पुढं बांध, बाभूळ आणि धुकं, सगळं ठेवलं. तेराव्याला पाट मांडला, त्यावर फोटो ठेवला. सत्यमनं झेंडूचा मोठा हार आणला होता, तो फोटोला घातला तर फुलं नेमकी बांधावर आली. साखराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, हार उचलून बाजूला सारला आणि पुन्हा खाली बसली.

"वाट झाकू नका," ती म्हणाली.