चौदा नंबरचं पूर्वेचं दार

आमच्या कॉलनीत पत्ता शोधणारा माणूस चौदा नंबरला हमखास चुकतो. रस्त्यावरून त्या घराची न्हाणीघराची खिडकी दिसते, गॅसच्या टाक्या दिसतात, दोरीवरची फडकी दिसतात आणि एक अरुंद दार दिसतं. ते दार स्वयंपाकघराचं. त्याची कडी वाजवली की आतून शंकरप्पांचा आवाज येतो, "पुढनं या." पुढनं म्हणजे परत कोपऱ्यापर्यंत जायचं, वळायचं आणि मागच्या मोकळ्या मैदानातले सराटे तुडवत घराच्या खऱ्या दाराशी पोचायचं. मी उमरीहून लग्न होऊन लातूरला आले तेव्हा पहिलं हळदीकुंकू याच घरी झालं. साडीच्या काठाला लागलेली कुसळं मी संध्याकाळपर्यंत वेचत बसले होते.

घर असं उलटं का, तर नकाशामुळे. नांदेड रोडला ज्वारीचं रान होतं तेव्हा नोकरदारांनी सोसायटी काढून ही कॉलनी आखली. तीस फुटी रस्ते, भिंतीला भिंत लावून घरांच्या रांगा, आणि मधोमध बाग. शंकरप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांनी चौदा नंबर मागून घेतला, कारण त्याच्या पूर्वेला बाग येणार होती. रस्ता पश्चिमेला. रांगेतल्या बाकीच्यांनी मुकाट्याने रस्त्याकडे तोंड केलं. अप्पांना मात्र घराचं तोंड पूर्वेलाच हवं होतं. त्यांनी रस्त्याकडे पाठ केली आणि दार बागेत काढलं. बाग तेवढी यायची राहिली.

तो नकाशा अप्पांच्या बैठकीत टांगलेला आहे, इतरांच्या घरी वाडवडिलांचे फोटो असतात त्या जागी. त्यातली आमची कॉलनी फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागतं. प्रत्येकाने फाटकाबाहेर गाडी चढवायला सिमेंटचा उतार केला, उताराशेजारी फुलझाडांचा वाफा केला, वाफ्याला जाळी लावली. बोअर तर सगळ्यांचे रस्त्यातच. तळहातावर नारळ आडवा धरून पाणी बघणारा माणूस आणायचा, तो कंपाउंडच्या आत दोन फेऱ्या मारायचा आणि बाहेर यायचा. नारळ नेमका रस्त्यावर उभा राहायचा. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. अप्पांना वाटलं.

माझ्या स्कूटीसाठी केलेल्या उताराचं सिमेंट ओलं होतं तेवढ्यात त्यांनी आमच्या ह्यांना बाहेर बोलावलं. "साहेब, हा रस्ता हाय. तुमचं अंगण आत हाय." उतार फोडला. पुढे जरा आखूड केला, तोही फोडला. तेव्हापासून रोज सकाळी स्कूटी ढकलताना मी अप्पांची आठवण काढते, आणि ती काही चांगल्या शब्दांत नसते.

पण मैदान राहिलं ते याच माणसामुळे, हे मला चिडूनसुद्धा मान्य करावं लागतं. भूकंपानंतर अख्खी कॉलनी तिथे ताडपत्र्यांखाली झोपली, आणि सगळ्यांचा चहा चौदा नंबरच्या दारातून गेला, असं सरजाबाई, म्हणजे अप्पांच्या बायको, अजून सांगतात. पुढे तिथे पाण्याचे टँकर थांबले, क्रिकेट झालं, शेळ्या चरल्या. कुणाला तिथे सभागृह बांधायचं होतं, कुणाला दुकानं काढायची होती. प्रत्येक वेळी अप्पा टोपी घालून कचेरीत जाऊन बसायचे. "नकाशात बाग हाय. बागच होईल."

आणि गेल्या वर्षी बाग मंजूर झाली. नारळ अप्पांच्या हातून फुटला. सरजाबाईंनी घरोघरी पेढे दिले. ज्यांचे उतार फुटले होते त्यांनीही घेतले.

बाग म्हटल्यावर तिला भिंत आली. फाटक एकच, पलीकडे चौकाच्या बाजूला. भिंतीच्या कामावरचा कलीम मिस्त्री पांढऱ्या फक्कीची रेघ ओढत ओढत आला आणि चौदा नंबरच्या पायऱ्या संपतात तिथे थांबला. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. त्याने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा पाहून मला आधी कळलं.

"अप्पा," कलीम म्हणाला, "दार बंद हून राहिलं तुमचं."

अप्पा बाहेर आले. चष्मा पुसून त्यांनी रेघ पाहिली. "बरोबर हाय. हद्द तीच हाय."

"जरा जागा सोडतो ना. बारकं फाटक बसवू. साहेबाला मी बोलतो, तुमी नुसतं हाव म्हणा."

"नकाशात इथं फाटक हाय का?"

"नकाशात तर तुमचं दार बी न्हाई, अप्पा."

अप्पा आत गेले. कलीमने हातातली फक्की झटकली आणि रेघ पुढे नेली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. स्वयंपाकघराच्या दाराने, मुद्दाम. पुढनं या म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

"अप्पा, अख्खी कॉलनी तुम्हाला फाटक द्यायला तयार आहे."

"तुमचा उतार मी दोनदा फोडायला लावला."

"तिसऱ्यांदा मी केलाच नाही."

"मग आता माझ्यासाठी भिंत फोडू म्हणता?"

"ती अजून बांधली नाही. फोडायचं काय त्यात?"

"त्यांच्या नादी लागू नका, बाई," सरजाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या. "इतकी वर्षं पूर्वेकडून लक्ष्मी यायची वाट बघितली. आली ती सराटेच घेऊन आली."

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. मला दारापर्यंत पोचवताना त्या हळूच म्हणाल्या, "मला फाटकाचं काही न्हाई. पण लक्ष्म्या तोंडावर आल्या. त्यांना कुठून आत घेऊ?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. भाद्रपदात लक्ष्म्यांचे मुखवटे घरात आणतात ते थोरल्या दारातून, उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं काढत. बाहेर मुखवटे घेतलेल्या सवाष्णी उभ्या राहतात आणि आतून घरातलं कर्तं माणूस विचारतं, कोण आलं. विचारल्याशिवाय लक्ष्मीने आत पाऊल टाकायचं नाही. चौदा नंबरला ते दार पूर्वेचं होतं. न्हाणीघराशेजारून, गॅसच्या टाक्यांना वळसा घालून लक्ष्मी आणायची, ही कल्पनाच सरजाबाईंना सोसवत नव्हती. अप्पांना विचारलं की एकच उत्तर. "आजपातुर पूर्वेनं आल्या, पूर्वेनंच येतील."

"भिंतीवरून?" त्या विचारायच्या. अप्पा पेपर उलटायचे.

भिंत झाली. बागेत दिवे लागले, घसरगुंडी आली. अप्पांनी दार उघडलं की समोर कोरा गिलावा. दोनचार जण तर खास तो बघायला आले आणि चहाला थांबले. मला त्यांचाही राग आला आणि अप्पांचाही. वाकायला काय जातं या माणसाचं, असं म्हणत मी घरी येऊन भांडी आपटली.

लक्ष्म्यांच्या दिवशी मदतीला गेले तर टाक्या जागेवर नव्हत्या. सरजाबाईंनी त्या एकटीने ओढून बाजूला केल्या होत्या. न्हाणीघराची भिंत धुतली होती, फडक्यांची दोरी काढली होती आणि त्या अरुंद दाराला आंब्याचं तोरण बांधलं होतं. कुंकवाची पावलं उंबऱ्यापासून नव्हे, तर थेट रस्त्यापासून निघाली होती. मला त्यांनी काही विचारलं नाही. धाकटीचा मुखवटा माझ्या हातात दिला, थोरलीचा स्वतः घेतला, आणि आम्ही रस्त्यावर उभ्या राहिलो.

सरजाबाईंच्या सुनेने ताट वाजवलं. आतून काही आवाज नाही. अप्पा बैठकीत, त्या बंद दाराशेजारी बसलेले होते, हे आम्हाला ठाऊक होतं. रस्त्यावरून जाणारे थांबले. सुनेने पुन्हा ताट वाजवलं.

"आई, मीच विचारू का आतून?"

"न्हाई," सरजाबाई म्हणाल्या. "मी उभी हाय. हात दुखून राहिले, पण उभी हाय."

पितळी मुखवटा हातात जड होत गेला. मी मनातल्या मनात अप्पांना जे बोलले ते सणाच्या दिवशी बोलू नये. मग आत खुर्ची सरकली. अप्पा स्वयंपाकघरात आले. डोक्याला कचेरीत जातानाची टोपी होती. उंबऱ्याच्या आत ते थांबले.

"कोण आलं?"

"लक्ष्मी आली."

पुढचा प्रश्न दरवर्षीचा ठरलेला असतो, कशाच्या पावलांनी आली. अप्पांनी तो विचारला नाही. त्यांनी विचारलं, "कोणत्या रस्त्यानं आली?"

"नकाशातल्या," सरजाबाई म्हणाल्या. "तीस फुटी."

अप्पांनी आमच्या खांद्यांवरून रस्ता पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उतार, वाफे, बोअरच्या टोप्या, जाळ्या. "तीस कुठं राहिला आता," ते म्हणाले, आणि बाजूला सरले. "या. आत या."

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीला मी त्याच दारातून गेले. तोरण होतंच. अप्पांनी स्वतः माझ्या पोळीवर तूप वाढलं, आणि तुपाची वाटी खाली ठेवता ठेवता म्हणाले, "तुमच्या फाटकापुढं कुंडी दिसली. रस्त्यात."

मी आणखी एक पोळी मागून घेतली. घरी जाऊन ती अवजड कुंडी ओढायची तर अंगात बळ हवं होतं.