चिखलातली बहीण

आई गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत मी देवाशी बोलणं बंद केलं होतं. रागावून नव्हे, राग यायलाही समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं. आईच्या शेवटच्या आजारपणात मी रोज एकच मागणं मागत होते, की तिला फार सोसायला लागू नये. तिनं खूप सोसलं. त्यानंतर हात जोडले तरी ते रिकाम्या घरात जोडल्यासारखे वाटायचे. मी लग्न केलं नाही, भाऊ-बहीण नाही. सीवूड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये आता मी आणि भिंतीवरचं घड्याळ. सोसायटीतली माणसं चांगली आहेत, लिफ्टमध्ये "कशा आहात?" विचारतात, पण उत्तर पुरं व्हायच्या आत त्यांचा मजला येतो.

मग मी खाडीलगतच्या तलावावर जायला लागले. आईला खिडकीशी बसवून मी खाडीच्या दिशेनं उडत जाणारे फ्लेमिंगो दाखवायचे, तेव्हापासूनची ही पक्षी बघायची सवय. भरती आली की खाडीतला चिखल बुडतो आणि पक्षी आत तलावात येऊन उभे राहतात. होळीनंतर तिथं लगबग असते. चिखलात वावरणारे छोटे पक्षी लांबच्या प्रवासाआधी अखंड किडे टिपत असतात, हिवाळाभर मातकट दिसणारी त्यांची पिसं तांबूस होऊ लागतात. एखाद्या सकाळी जावं तर कालचा थवा निघून गेलेला असतो. मला ते बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. दुर्बीण डोळ्यांना लावली की निदान आपल्याला कोणी बघत नाही याची आठवण होत नसे.

त्या दिवशी मला पोहोचायला उशीर झाला. ऊन चढलं होतं, फिरायला येणारे परतले होते. थवा तलावाच्या पलीकडच्या टोकाला होता आणि अलीकडे, चिखलात, एकच फ्लेमिंगो पंख फडफडवत होता. दुर्बिणीतून दिसलं, त्याच्या पायाला मासे धरायच्या जाळ्याचा दोरा गुंडाळला होता आणि दोऱ्याचं दुसरं टोक कुठल्याशा खुंटाला अडकलं होतं. पक्षी उडू बघायचा, पडायचा, पुन्हा उठायचा. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी पिशवी बांधावर ठेवली, फोन त्यातच राहिला, आणि खाली उतरले.

वरून घट्ट दिसणारा चिखल आतून लोण्यासारखा होता. थोडं चालले आणि एक पाय गुडघ्याच्या वर गेला. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला तर तोही गेला. जितकी धडपडले तितकी रुतले. हाका मारल्या, रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात त्या विरून गेल्या. थोड्या वेळानं माझ्याभोवतीच्या चिखलावर पाण्याची पातळ झिलई आली. भरतीचं पाणी बांधाखालच्या नळ्यांतून तलावात येऊ लागलं होतं.

मरणाची भीती वाटली, पण त्याहून वाईट असं काहीतरी वाटलं. मी आज घरी पोहोचले नाही, तर ते कोणाच्याही लक्षात येणार नाही. दूधवाला उद्या पिशवी अडकवून जाईल, परवा आणखी एक. तेवढंच. त्या विचारानं माझ्यातलं सगळं बळच गेलं. मी धडपड थांबवली. पाणी मांड्यांना लागत होतं. कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडून शब्द निघाले, "देवा, आता मला काही जमत नाही. तू बघ." स्तोत्र नाही, नवस नाही. एवढंच.

"कोन हाय गं तिकरं?"

बांधावर लाल लुगडं नेसलेली, माझ्याच वयाची एक बाई उभी होती. मी ओरडले, "ताई, रुतलेय मी!"

"हलू नुको बाय! पाय अजिबात खेचू नुको. आले मी."

ती दिसेनाशी झाली. क्षणभर वाटलं, गेली. तर ती कुठल्याशा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स ओढत परत आली. तो तिनं चिखलावर पसरला आणि त्यावर पोटावर सरपटत माझ्यापर्यंत पोहोचली. "आता आरवी हो. माज्या खांद्याला धर. घाई नुको, पाय हलू हलू सोरव." मी तिच्या खांद्याला मिठी मारून आडवी झाले. एक पाय सुटला, मग दुसरा. चपला चिखलातच राहिल्या. बांधावर आल्यावर मी लहान मुलीसारखी रडले. ती मला रडू देत, माझ्या पाठीवर चिखलाचा हात फिरवत म्हणाली, "झाला, झाला. रर, रर."

मग तिनंच विचारलं, "पन तू आत गेलीस कशाला?" मी पक्ष्याकडे बोट दाखवलं. तो थकून बसला होता. तिनं कपाळावर हात मारला, हसली, आणि फ्लेक्स ओढत बांधावरून पुढं गेली. तिथून तो जवळ होता; ती पुन्हा फ्लेक्सवर सरपटत उतरली. तिनं लुगड्याचा पदर त्याच्या डोक्यावर टाकला, दात लावून दोरा तोडला आणि त्याला सोडून दिलं. तो लंगडत पाण्यात गेला, उभा राहिला, आणि बऱ्याच वेळानं थव्याच्या दिशेनं उडाला.

तिचं नाव हिराबाय. राहायची तळवलीला, इथं करावे गावात बहिणीकडे आली होती. "तिला सांगून आलेले, तरी दाराला कुलूप! इतकी शिवी घातली तिला मनातल्या मनान. म्हटला, उनात दारात काय बसू, तलावाव झारं हायेत, जाते तिकरं." ती सहज सांगून गेली. मी मात्र त्या कुलपापाशी थांबले. मला कशाचाही अर्थ लावायचा नाही. बहीण रेशनच्या रांगेत खोळंबली होती, इतकंच. पण त्या रांगेसाठी मी आजही हात जोडते.

बहिणीच्या घरी मला आंघोळीला गरम पाणी मिळालं, नेसायला लुगडं मिळालं. जेवताना हिराबायनं विचारलं, "घरी वाट बघत असतील ना?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

तांदळाची आणखी एक भाकरी तिनं माझ्या ताटात टाकली.

चैत्रात तिनं मला गावदेवीच्या जत्रेला बोलावलं. तळवलीच्या त्या गर्दीत ती माझं मनगट धरून पुढं चालत होती आणि भेटेल त्याला सांगत होती, "ही माजी चिखलातली बहीन." कोणी हसत होतं, कोणी माझ्या हातावर प्रसाद ठेवत होतं. संध्याकाळी मी घरी परतले तेव्हा घर तसंच रिकामं होतं. एकटेपण कुठं गेलेलं नाही, जाईल असंही नाही. पण तिथं देवीसमोर उभी असताना एक गोष्ट घडली, ती सांगून थांबते. काय मागावं म्हणून मी डोळे मिटले आणि मागायला काही सुचेना. मागून गर्दीचा रेटा आला. पूर्वी मी पाय रोवून उभी राहिले असते. त्या दिवशी मनात "तू बघ" म्हटलं आणि तो नेईल तिकडे गेले.