थांबा मॅडम

कॉम्प्युटर अडकला की माणसाचा हात आपोआप बंद करायच्या बटणाकडे जातो. तो हात वाटेतच अडवणारी एकच बाई मी पाहिली. "थांबा! बंद केलंत की काय बिघडलं होतं तेही गेलं," असं त्या इतक्या जोरात म्हणायच्या की ठाण्यात कोपरीच्या आमच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये त्यांचं नावच 'थांबा मॅडम' पडलं. लॅबचे कॉम्प्युटर बघायला त्या डोंबिवलीहून यायच्या आणि चहा आल्याशिवाय कशाला हात लावायच्या नाहीत.

आमचा सर्व्हर म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात बसवलेले चार कॉम्प्युटर, हे मला त्यांनीच सांगितलं. "चार बिऱ्हाडं, आणि डिस्क म्हणजे त्यांचा एकुलता एक नळ. सगळे एकदम पाणी भरायला लागले की कोणालाच धड येत नाही गं." मला काय करायचंय त्या नळाशी, असं मी मनात म्हणायची.

एका दुपारी एक पेशंट रिपोर्ट नाचवत आला. रक्त घेतल्याची वेळ आमच्या माणसाने मोबाइलवर टाकलेली, आणि मी काढलेल्या रिपोर्टवरची वेळ त्याच्याही आधीची! लॅबच्या मालक डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "आकडे मनाने लिहिता का?" उद्यापासून येऊ नका, हेही तिथेच सांगितलं. मी रडत मॅडमना फोन केला. "उद्या ये. मीही येत्येय," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद करायला निघालेल्या डॉक्टरांनाही 'थांबा' ऐकावं लागलं. मॅडमनी मनगटावरचं घड्याळ काढून स्क्रीनशेजारी ठेवलं आणि दुपारच्या बॅकअपची वाट बघत बसल्या. चारही कॉम्प्युटरांचा बॅकअप एकदम सुरू झाला, डिस्क रडकुंडीला आली आणि रिपोर्टचा कॉम्प्युटर थिजला. हलला तेव्हा त्याचं घड्याळ थांबलं होतं तिथूनच पुढे चालू लागलं. असं रोज थोडं थोडं मागे पडत गेलेलं! "हा झोपतो आणि उठल्यावर घड्याळ लावत नाही, डॉक्टर. हिचे आकडे खरे आहेत."

"बरं, विषय संपला," डॉक्टर म्हणाले.

"तुमचा संपला. काल सगळ्यांसमोर बोललात, आता सगळ्यांना बोलवा."

डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं आणि माझी माफी मागितली. मला मॅडमच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढे लवकरच लॅबमध्ये दुसरा माणूस येऊ लागला. मी फोन केला तर मॅडम हसल्या, "ठाण्याला यायचा कंटाळा आला गं." मलाही ते पटलं.

गेल्या वर्षी मॅडम वारल्या. भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "आईला आणि कंटाळा? डॉक्टरांनीच काम काढून घेतलं हो. फार लागलं होतं तिला. पण म्हणाली, ती पोरगी राहिली ना नोकरीवर, मग झालं."